डिडकॉटचं इंजिनशेड, बार्शी लाइट आणि बॉयलरवाले अण्णा

टिकेकरवाडी

मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

धाकट्या भावाकडे रेडिंगला अण्णांना घेऊन गेलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत बॉयलर अटेंडंट होते, गिरणी बंद पडेपर्यंत. लंडनचा राजवाडा, घड्याळ, नदीवरचा पूल, सगळं दाखवून झालं. "बरं हाय" यापलीकडे अण्णा बोलेनात. शेवटी भावजय म्हणाली, यांना डिडकॉटला न्या.

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेडिंगमार्गे पश्चिमेला जाणाऱ्या लाइनवर डिडकॉट पार्कवे स्टेशन आहे. उतरलं की फलाटाखालच्या भुयारी वाटेनं जायचं, ती वाट थेट डिडकॉट रेल्वे सेंटरच्या दारात निघते. गाडी घेऊन आत जायला रस्ताच नाही, कारण जागा रुळांच्या बेचक्यात अडकलेली आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १९३२ साली बांधलेलं हे चार रुळांचं इंजिनशेड. १९६५ मध्ये ते बंद झालं. त्याच्या आधीच, १९६१ मध्ये, चार शाळकरी पोरांच्या डोक्यात आलं होतं की वाफेची इंजिनं भंगारात चाललीत, आपण निदान एक तरी वाचवू. त्यातून ग्रेट वेस्टर्न सोसायटी उभी राहिली. १९६४ मध्ये त्यांनी १४६६ नंबरचं एक छोटं टँक इंजिन विकत घेतलं आणि १९६७ पासून त्यांचं बस्तान डिडकॉटच्या या शेडात बसलं. आज पगारी माणसं मोजकीच, बाकी सगळा कारभार स्वयंसेवकांचा.

आम्ही गेलो त्या दिवशी एक हिरवं इंजिन वाफेवर होतं. फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागेवर, चढू देत होते. चढताना मी हात दिला तो अण्णांनी झटकला. वर गेल्यावर सगळे पाहुणे आगीच्या दाराकडे बघतात, मोबाइल काढतात. अण्णांनी आधी पाण्याच्या काचेकडे (बॉयलरात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी) बघितलं आणि मला म्हणाले, "एकच काच? दुसरी कुठाय? इचार त्याला."

मी विचारलं. तिथला फायरमन म्हणजे निवृत्त शाळामास्तर, भूगोलाचा. त्याचा चेहराच खुलला. म्हणाला, हा प्रश्न पाहुण्यांपैकी कुणी विचारत नाही. ग्रेट वेस्टर्नची पद्धतच तशी, एक काच आणि जोडीला दोन चाचणीचे कॉक, म्हणजे तोट्या. काच फुटली तर कॉक उघडून बघायचं, पाणी येतंय की वाफ, त्यावरून पातळी कळते. अण्णांच्या गिरणीतल्या लँकेशायर बॉयलरला दोन काचा असायच्या, त्यामुळे त्यांना ते पटेना. मग त्या मास्तरानं काचेमागची पट्टी दाखवली. पांढऱ्या पट्टीवर काळ्या तिरक्या रेघा. वाफेच्या भागात रेघा आहेत तशा दिसतात, पाण्याच्या भागात त्याच रेघा उलट्या बाजूला झुकतात. काच तळापर्यंत रिकामी असो की काठोकाठ भरलेली, लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. तो घोटाळा होऊ नये म्हणून ही युक्ती. अण्णांनी वाकून, मान इकडून तिकडे करून ते बघितलं आणि मान डोलावली. इंग्लंडमधल्या कुठल्याही गोष्टीला मिळालेली ती पहिली दाद.

नंतर दोघांचं जे सुरू झालं त्यात माझी गरज निम्मीच उरली. अण्णांनी विचारलं, पाणी जड आहे का? तो भाग खडूच्या टेकड्यांचा, पाणी जडच. बॉयलरमध्ये क्षाराची खपली धरते, म्हणून पाण्यात औषध घालतात आणि ठरावीक काळानं बॉयलर थंड करून, झाकणं काढून, आतून धुऊन काढतात. सोलापूरचं बोअरचं पाणी काय असतं ते अण्णांनी हातवारे करून सांगितलं. मास्तरानं धुराड्याकडे बोट दाखवून विचारलं, धूर कसा वाटतो? अण्णा म्हणाले, काळा जास्त आहे, वरून हवा कमी पडतेय, दार जरा किलकिलं ठेव. त्यानं खरंच ठेवलं.

आता शेडाबद्दल. सगळ्यात भारी जागा म्हणजे कोल स्टेज. उतारावरून कोळशाचा वॅगन ढकलून उंच इमारतीत नेतात. तिथं माणसं फावड्यानं कोळसा लोखंडी ढकलगाड्यांत भरतात आणि त्या गाड्या टोकाला नेऊन खाली उभ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात) उपड्या करतात. याच इमारतीच्या डोक्यावर पाण्याची टाकी. म्हणजे कोळसा आणि पाणी एकाच ठिकाणी. पलीकडे राखेचा खड्डा, टर्नटेबल, इंजिन उचलून चाकं काढायची शेड. हे सगळं अजून कामात आहे.

आणि एका कोपऱ्यात ट्रान्सफर शेड. लाकडी. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मध्ये फलाट, एका बाजूला ग्रेट वेस्टर्नचा इंजिनिअर ब्रुनेल याचा ब्रॉडगेज (७ फूट पाव इंच), दुसऱ्या बाजूला आजचा स्टँडर्ड गेज (४ फूट साडेआठ इंच). दोन गेज जिथं भेटायचे तिथं माल या डब्यातून त्या डब्यात हातानं हलवावा लागायचा, त्यासाठी ही शेड. ती बघून मी अण्णांना म्हटलं, हे तर आपलं कुर्डुवाडी!

धागा काढायचं कारण तेच. बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे बार्शीची छोटी गाडी, आपल्या जिल्ह्याची. तिचं असं काही करता येईल का? झालं असतं का? कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूरकडच्या मंडळींनी लिहावं.

सात_रस्ता

भारी लिहिलंय टिवा. अण्णांना नमस्कार. तिकीट किती? पोरीकडे पुढच्या वर्षी जायचा बेत आहे, म्हणून विचारतो. आणि रोज इंजिन चालू असतं का?

टिकेकरवाडी

तिकिटाचे दर बदलत राहतात, त्यांच्या साइटवर बघूनच जा. रोज वाफ नसते. "स्टीम डे" बघून जायचं, नाहीतर गार इंजिनं बघून परत याल. तिकिटात आतल्या छोट्या लाइनवरच्या फेऱ्या धरलेल्या असतात. लाइन मात्र अगदी आखूड, गाडीत बसून प्रवास करायचा तर डिडकॉट ती जागा नाही. शेड बघायला जावं.

लीड्सची_लेक

प्रवास करायचा असेल आणि बार्शी लाइटची आठवण काढायची असेल, तर वेल्समध्ये जा. वेल्शपूल अँड लॅनफेअर रेल्वे. तिचा गेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बार्शी लाइटचा होता तोच!

१९०३ साली सुरू झालेली. १९३१ मध्ये प्रवासी गाड्या बंद, १९५६ मध्ये मालगाड्याही बंद, आणि १९६३ पासून स्वयंसेवकांनी टप्प्याटप्प्यानं परत चालू केली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पुरानं बॅन्वी नदीवरच्या पुलाचा खांब खचला. सैन्याच्या इंजिनिअरांनी मदत केली म्हणून लाइन वाचली. मूळची दोन इंजिनं "अर्ल" आणि "काउंटेस", १९०२ सालची, अजून तिथंच आहेत. डबे मात्र ऑस्ट्रियाचे, हंगेरीचे, सिएरा लिओनचे. कारण या गेजचं सामान जगात जिथं मिळेल तिथून आणलंय. गोल्फा नावाचा एक चढ आहे, जवळजवळ ३० ला १, म्हणजे ३० फुटांत फूटभर चढ. तिथं इंजिन जे काही ओरडतं ना, ते ऐकून माझी सासू (पंढरपूरची) म्हणाली, "गं बाई, आपली मिरज गाडीच की!"

स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे मात्र वेगळी. तीही वेल्समधलीच, टॅलिलिन. दगडी पाट्यांच्या खाणीची छोटी लाइन. मालक १९५० मध्ये वारले आणि १९५१ मध्ये हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. तिच्या डब्यांना दारं एकाच बाजूला आहेत. पूल इतके अरुंद बांधले गेले की दुसऱ्या बाजूचं दार उघडलं तर माणूस भिंतीला घासेल. सुरुवातीला तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ती बाजू कायमची बंद करायला लावली, ती आजही बंदच आहे.

कुर्डुवाडीकर

टिवादादा, आमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मोठी लाइन १८६० ला सोलापुरात पोचली, पण बार्शी वाटेत आली नाही. बार्शी म्हणजे कापसाची मोठी पेठ. सगळा माल बैलगाडीनं आमच्या स्टेशनावर यायचा, म्हणून स्टेशनाचं नावच "बार्शी रोड". मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर, आधी जीआयपीतच नोकरीला होता, त्यानं छोट्या गेजची कल्पना लावून धरली. १८९५ ला लंडनात कंपनी काढली, १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल. १९५४ ला सरकारनं ताब्यात घेतली.

कॅलथ्रॉपचं डोकं कशात? त्यानं ठरवलं की कुठल्याही चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, इंजिन असो की वॅगन. त्यामुळं रूळ हलका चालला, एक यार्ड (३ फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा. रूळ हलका म्हणजे पूल हलके, खर्च कमी. पण वॅगन मात्र लांब, बोगीचे, भरपूर माल घेणारे.

आता ट्रान्सशिपमेंट, म्हणजे माल या गाडीतून त्या गाडीत हलवणं. आमच्या आजोबांनी त्यावर पोट भरलं. मोठ्या गाडीचा वॅगन एका अंगाला, छोट्या गाडीचा दुसऱ्या अंगाला, मध्ये फलाट आणि पाठीवर पोतं. डिडकॉटच्या लाकडी शेडीत जे व्हायचं तेच. फरक एवढाच की तिथं १८९२ ला ब्रॉडगेज मेला आणि छोटा गेज जिंकला. आमच्याकडं उलटं झालं. मोठ्यानं छोट्याला गिळलं.

कुर्डुवाडी ते पंढरपूर, मग लातूर, मग मिरज असं एकेक करत सगळं ब्रॉडगेज झालं. लोकांची सोय झाली, ते नाकारत नाही. धाराशिव शहरात रेल्वे आली तीच मुळी रुंदीकरणामुळं. छोटी गाडी तिथं जातच नव्हती, येडशीवरून जायची. पण वाफेचं इंजिन कसं पेटवायचं ते हातानं केलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत.

वर्कशॉप मात्र अजून आहे. छोट्या गाडीसाठी उभं राहिलेलं वर्कशॉप. छोटी लाइन गेल्यावरही माथेरानच्या गाडीचं काम आमच्याकडं यायचं, कारण छोट्या गेजचा हात इथल्या कामगारांना बसलेला.

भुईकोट

माझ्या आजीच्या तोंडी एक वाक्य होतं: "बार्शी गाडीला घाई नाही आणि वारकऱ्याला गाडी नाही." आषाढीला मालडब्यांतसुद्धा माणसं बसायची म्हणे. खाली उतरून लघवी करून परत पळत गाडी पकडायचे, असंही सांगायची. आजी तिखटमीठ लावायची, तेवढं सोडून द्या.

हिशोबनीस

सगळे भावुक झालेत म्हणून जरा पाणी टाकतो.

एक, तिकडं हे जमलं कारण बंद झालेली लाइन सोसायटीला, ट्रस्टला घेता आली. विकत किंवा भाडेपट्ट्यानं. आपल्याकडं रेल्वेची जागा रेल्वेचीच राहते, आणि बार्शी लाइटचा तर रूळच उरला नाही. त्याच पट्ट्यावर मोठी गाडी पळतेय. चालवणार कुठं?

दोन, स्वयंसेवक म्हणजे फुकट मजूर नव्हे. त्यांना शिकवायला, तपासायला, परीक्षा घ्यायला माणूस लागतो. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? विमा कोण देणार?

तीन, पैसा. इंजिनाचा बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण उकलावा लागतो. तो खर्च फोटो काढणाऱ्या पब्लिककडनं निघत नाही.

आणि चौथं, जरा कडू. ही लंडनची कंपनी होती. नफा लंडनला जायचा. तिच्यावर एवढं प्रेम कशाला?

लीड्सची_लेक

हिशोबनीस, चौथ्याचं उत्तर मी देते. कंपनी लंडनची होती, पण पोतं उचलणारा कुर्डुवाडीचा, फायरमन कुर्डुवाडीचा, आणि डब्यात बसलेली बाई पंढरपूरला निघालेली. जपायचं तर त्यांचं जपायचं. भागधारकांचं कोण म्हणतंय?

आता माझ्या गावातलं. बार्शी लाइटची पहिली इंजिनं इथं लीड्सला किटसन कंपनीत घडली. आठ चालकचाकं, मागं चार चाकं. १८९७ मध्ये ती तिकडं पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून गाडी चालवून दाखवली होती. गावोगावचे इंजिनिअर बघायला आले होते. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीच्या आधी लीड्सच्या लोकांनी बघितली! आणि आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या इंजिनांपैकी एक "फेअरी क्वीन", १८५५ सालची, तीही याच किटसनच्या घराण्यातली.

कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन केली, १९०४ मध्ये. गेज बार्शीचाच. इंजिनं दोन, त्यातल्या एकाचं नावच "ई. आर. कॅलथ्रॉप". त्या इंजिनांना हिंदुस्थानात शोभतील असे भलेमोठे दिवे होते, इंग्लंडच्या धुक्यात. तिथं ट्रान्सशिपमेंटवर त्यानं वेगळा तोडगा काढला. छोट्या गाडीचा सपाट वॅगन करायचा आणि मोठ्या गाडीचा आख्खा वॅगन त्याच्यावरच चढवायचा. पोतं उचलायलाच नको. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली. आज तिच्या मार्गावर पायवाट आणि सायकलची वाट आहे. रूळ नाही, तरी लोक चालत जातात, फलक वाचतात.

अवांतर: या बाबानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूटही काढलं. अरबी घोडेही पाळायचा.

सात_रस्ता

पॅराशूट! बार्शीवाल्यांनो, कॉलर ताठ करा.

टिकेकरवाडी

हिशोबनीसांचे मुद्दे खरे आहेत. डिडकॉटची जागाही सोसायटीनं रेल्वेकडून भाडेपट्ट्यानंच घेतलेली आहे. चालवायची लाइन तिथं जेमतेम, हे मी वर म्हटलंच. म्हणूनच मला ते कुर्डुवाडीच्या जवळचं वाटलं. त्यांच्याकडे लांब रूळ नाही, शेड आहे. मोठी लाइन शेजारून धडधडत जाते आणि हे आत आपलं काम करत बसतात.

मला तिथं इंजिनापेक्षा कामाची उतरंड आवडली. आलेला पोरगा आधी क्लीनर. हातात कापसाचा बोळा आणि रॉकेल, चाकांमधला तेलकट चिखल पुसायचा. पुसता पुसता कुठला पिन कुठं आहे, कुठली नळी कुठं जाते ते कळतं. मग परीक्षा, मग फायरमन, मग कितीतरी वर्षांनी ड्रायव्हर. अण्णा म्हणाले, आमच्यातबी असंच, आधी कोळसेवाला, मग आगवाला, मग सर्टिफिकेट.

तिथं ६०२३ नंबरचं "किंग एडवर्ड दुसरा" नावाचं निळं इंजिन आहे. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे ते पडून होतं. रुळावरून घसरलं तेव्हा हलवायला अडचण नको म्हणून मागची चालकचाकं गॅसनं कापली होती. म्हणजे संपलेलं इंजिन. या लोकांनी चाकं नव्यानं ओतून घेतली आणि २०११ मध्ये ते वाफेवर आणलं. "पेंडेनिस कॅसल" नावाचं १९२४ सालचं इंजिन तर १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात विकलं गेलं होतं. ते २००० मध्ये परत आलं आणि वाफेवर यायला २०२२ उजाडलं. एवढी वर्षं कोण टिकतं? शनिवार-रविवार येऊन नटबोल्ट घासणारी माणसं टिकतात.

आपल्याकडं काय होतं? स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर इंजिन ठेवायचं, सिल्व्हर रंग मारायचा, उद्घाटनाला हार घालायचा. दोन पावसाळ्यांत धुराड्यात साळुंख्या. माझं म्हणणं, रंगवलेलं इंजिन नसलं तरी चालेल, पण इंजिन पेटवता येणारा माणूस हवा. तो गेला की चौथऱ्यावरचं लोखंड हे नुसतं लोखंड.

हिशोबनीस

हे पटलं. पहिल्या तीन मुद्द्यांवर ठाम आहे, चौथा मागे घेतो.

माहिती म्हणून: हरियाणात रेवाडीला वाफेच्या इंजिनांचं जुनं शेड रेल्वेनंच जपलंय, तिथं इंजिनं पेटतात. म्हणजे सरकारी पद्धतीनं होतं, नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं रेल्वेच्या छोट्या मॉडेलांचं संग्रहालय आहे, ते एका माणसाच्या वेडातून उभं राहिलं. पोरांना घेऊन जा.

मोहोळचा_मी

मी शाळेत शिकवतो. आमच्या आठवीच्या पोरांना "बार्शी लाइट" म्हटलं तर कुणीतरी विचारलं, सर, लाइट म्हणजे दिवा का? कुर्डुवाडीकर, वर्कशॉपचे जुने लोक भेटतील का? पोरांना घेऊन येतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू. खर्च एसटीचा आणि वडापावचा.

कुर्डुवाडीकर

भेटतील की. आमच्या गल्लीत एक काका आहेत, आधी क्लीनर, मग फायरमन. कोळशाचं इंजिन जाऊन डिझेल आलं तेव्हा दुसऱ्या कामावर गेले. कान जरा कमी आहेत, पण इंजिनाचा विषय निघाला की आपण थांबवायचं कसं हा प्रश्न. आणखी एक फिटर आहेत. त्यांच्याकडं अजून हातोडी आहे. चाकावर ठोकून आवाजावरून तडा सांगायचे.

एक अट. फोटोला उभं करून, शाल-श्रीफळ देऊन परत यायचं असेल तर नको. त्यांना विचारायला प्रश्न घेऊन या. आधी इथं टाका, मी त्यांना वाचून दाखवतो, म्हणजे डोकं चालू होतं.

टिकेकरवाडी

झकास. अण्णाही येतो म्हणतात. त्यांचे प्रश्न (मी नुसते लिहून घेतले):

छोट्या इंजिनाला काचा किती होत्या? दोन की एक?

पाणी कुठलं भरायचे? बार्शीचं पाणी आणि पंढरपूरचं पाणी, बॉयलरला कुठलं सोसायचं? धुवायचे किती दिवसांनी?

सकाळी गार इंजिन पेटवायला आग कशानं लावायचे? लाकूड कुठलं? बाभूळ?

कोळसा ओला आला तर काय करायचे?

लीड्सची_लेक

माझे:

ट्रान्सशिपमेंटच्या फलाटावर बायका काम करायच्या का? कुठल्या गावच्या? पोत्यामागं पैसे मिळायचे की दिवसाचे?

चढावर गाडी अडली तर वाळू टाकायचे का, आणि ती कुठून आणायचे?

इंजिनांची ठेवलेली नावं होती का? साहेबांची नव्हे, कामगारांनी ठेवलेली.

भुईकोट

आषाढीला शिट्टी वेगळी मारायचे का? आजी म्हणायची मारायचे. ड्रायव्हर विठ्ठलभक्त होता म्हणे.

मोहोळचा_मी

पोरांचे प्रश्न:

फूटप्लेटवर जेवण कसं गरम करायचे?

पगार किती होता?

भीती वाटली का कधी?

आणि एक मुलगी विचारतेय, तिला फायरमन व्हायचं असतं तर घेतलं असतं का?

लीड्सची_लेक

त्या मुलीला सांगा, वेल्शपूलला आमच्या गाडीवर फावडं होतं ते एका कॉलेजच्या पोरीच्या हातात. काकांना मात्र हा प्रश्न जरूर विचारा, आणि उत्तर जसंच्या तसं इथं टाका.

कुर्डुवाडीकर

आज संध्याकाळी काकांना प्रश्न वाचून दाखवले. जेवण फावड्यावर गरम व्हायचं, धुवून घेतलेल्या, हे लगेच सांगितलं. बाभळीवर हसले. काचांचा प्रश्न ऐकून सरळ उठून बसले आणि म्हणाले, "हे इचारणारा कोण हाय? त्याला आधी आणा."

रविवार नको, बाजार असतो. शनिवारी सकाळी दहाला स्टेशनासमोर या. मोहोळचे सर, पोरं किती ते आदल्या दिवशी सांगा. घरून शेंगाचटणी-भाकरीची सोय करतो, वडापाव कॅन्सल.